प्रवाळाला औषध देण्याआधी पाणी मोजा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या ओळखीच्या काही घरांत हल्ली खाऱ्या पाण्याच्या लहान टाक्या आणि त्यांत मऊ प्रवाळ, म्हणजे दगडी सांगाडा नसलेले समुद्री प्राणी, दिसू लागले आहेत. प्रवाळ मिटून राहिले किंवा पांढरे पडू लागले, की दुकानातून औषधाची बाटली येते आणि टाकीत ओतली जाते. पन्नास-साठ लिटरच्या टाकीत रोगापेक्षा पाण्याचा बिघाडच अधिक वेळा आढळतो आणि तो मोजल्याशिवाय कळत नाही, म्हणून हे पत्र.

पहिली तपासणी क्षारतेची, म्हणजे पाण्यातील मिठाच्या प्रमाणाची. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. 60 लिटरच्या टाकीतून 3 लिटर पाणी उडाले, तर हजारी 35 (हजार भागांत 35 भाग मीठ) असलेली क्षारता 37 च्या घरात जाते. ही तूट समुद्राच्या पाण्याने भरली तर क्षारता चढतच राहते. रोजची भर आरओच्या गोड्या पाण्याचीच हवी. पाणी बदलण्यासाठी गोव्यातील मिरामारच्या किनाऱ्यावरून कॅन भरून आणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी नदीचे गोडे, गढूळ पाणी मिसळलेले असते आणि त्याची क्षारता भरवशाची नसते. क्षारता मोजणाऱ्या स्वस्त हायड्रोमीटरच्या काट्याला हवेचा एखादा बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. त्यापेक्षा थेंबभर पाण्यातून प्रकाश किती वळतो यावरून क्षारता दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि तो 35 च्या प्रमाणित द्रावणाने अधूनमधून जुळवून घ्यावा.

दुसरी तपासणी तापमानाची. पाणी 24 ते 27 अंश सेल्सिअस असावे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडील हवा इतकी दमट असते, की पाण्यावर पंखा सोडूनही ते पुरेसे निवत नाही. ते दिवसचे दिवस 30 च्या वर राहिले, की प्रवाळ आपल्या पेशींतील सूक्ष्म शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. असे प्रवाळ मेलेले नसते. मांस शाबूत असेल तर प्रकाश कमी करावा, तापमान हळूहळू उतरवावे. रंग परत येऊ शकतो. मांस गळू लागले आणि तपकिरी चिकट द्रव दिसला, तर मात्र तो भाग कापून वेगळा काढण्यात दिरंगाई करू नये.

लेदर कोरल हे चामड्यासारखे दिसणारे मऊ प्रवाळ काही दिवस मिटते आणि त्यावर मेणासारखा चकचकीत थर येतो, तेव्हा अनेक जण घाबरतात. ते कात टाकत असते. प्रवाह थोडा वाढवला, की तो पापुद्रा सुटून जातो. झोआंथिड हे बटणांसारखे छोटे प्रवाळ मिटलेले राहिले, तर रात्री दिवे बंद करून टॉर्चने त्यांच्या देठांशी पाहावे. त्यांना खाणाऱ्या बारीक समुद्री गोगलगायी तेथे सापडतात. हे प्रवाळ हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नये, कारण त्यांच्यातील पॅलिटॉक्सिन हे विष वाफेबरोबर श्वासात गेल्यास माणसाच्या जिवावर बेतू शकते.

माशांच्या अंगावरील पांढऱ्या ठिपक्यांसाठी मिळणारी तांबेयुक्त औषधे प्रवाळाच्या टाकीत थेंबभरही घालू नयेत. तांबे प्रवाळांना आणि गोगलगायींना मारते, दगडांत मुरते आणि पुढे बराच काळ पाण्यात उतरत राहते. आजारी मासा वेगळ्या टाकीत हलवावा. वीज गेल्यावर आधी प्राणवायू कमी पडतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्यावा.

विक्रेत्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी प्रवाळाच्या प्रत्येक पिशवीवर आपल्या टाकीची क्षारता आणि तापमान लिहून द्यावे. घरच्या पाण्याशी जुळवून घेताना ग्राहकाला त्याचा खरा आधार होईल. समुद्रात प्रवाळभित्ती बांधणारी सर्व कठीण प्रवाळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहेत, हेही दुकानात ठळकपणे लावलेले असावे, जेणेकरून मेलेल्या प्रवाळाच्या जागी गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या ग्रँड आयलंड बेटाजवळून एखादा तुकडा उचलून आणण्याचा विचार कोणाच्या मनात येणार नाही.

आपला नम्र,
एक वाचक, फोंडा