मुलाच्या लग्नाचं घड्याळ

महोदय,

येत्या मार्गशीर्षात माझ्या मुलाचं लग्न आहे. त्याला घड्याळ घ्यावं म्हणून गोखले रोड, राम मारुती रोड पालथे घातले. जो तो स्मार्टवॉच पुढे करी. रोज चार्जिंगला लावायची वस्तू लग्नाची आठवण म्हणून कशी द्यायची?

शेवटी कपाटातली डबी काढली. माझ्या लग्नात वडिलांनी माझ्या हातात बांधलेलं एचएमटी जनता, रोज चावी द्यायचं. १९६१ साली बंगळुरात जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने सुरू झालेला एचएमटीचा घड्याळांचा उद्योग बंद करायचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला. एका शोरूममध्ये ‘हे आता टाकूनच द्या’ म्हणाले. फार लागलं मनाला.

जांभळी नाक्याजवळच्या एका वयस्कर कारागिराने मात्र डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं, चिमट्याने एकेक चक्र उचलून साफ केलं, सुईच्या टोकाने तेल सोडलं. टिकटिक सुरू झाली आणि माझे डोळे भरून आले. त्यांच्या हाताखाली शिकणारं कोणी नाही. महापालिकेने अशा कारागिरांकडून तरुणांना शिकवायची सोय करावी, ही कळकळीची विनंती.

नवा चामडी पट्टा बसवलाय. केळवणाच्या दिवशी मुलाच्या हातात बांधीन.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे