२१४७४८३६४७ विषयी चि. केतकीस

सोलापूर

चि. केतकी हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. प्रोग्राममध्ये २१४७४८३६४७ मध्ये एक मिळवला की उत्तर उणे येते आणि ही बत्तीस बिटांच्या पूर्णांकाची मर्यादा आहे असे सरांनी सांगितले, हे तू लिहिलेस ते खरेच आहे. परंतु या संख्येची ओळख तेवढ्यावरच थांबावी हे मला रुचत नाही. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला की ती मिळते. केवळ ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत ती म्हणजे ओळीने एकतीस वेळा १, आपल्या पूर्वभागातल्या मागावर नक्षी ठरवणाऱ्या जॅकार्डच्या पुठ्ठ्यावर एकही जागा न सोडता भोके पाडावीत तशी. आणि ती मूळ संख्या आहे.

घातांक मूळ असला म्हणून अशी संख्या मूळ निघतेच असे नाही. ११ मूळ आहे, पण २ च्या ११ व्या घातातून १ वजा केल्यास येणारी २०४७ ही संख्या २३ गुणिले ८९ आहे. म्हणून ३१ साठी सिद्धता हवी होती, ती गणिती ऑयलर यांनी १७७२ मध्ये दिली. तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

२१४७४८३६४७ चे वर्गमूळ ४६३४१ हून किंचित कमी येते, आणि तिथपर्यंतच्या मूळ संख्याच पावणेपाच हजारांवर भरतात. त्या सगळ्यांनी भागून पाहण्याची गरज का नाही, हे नीट वाच. समजा, प ही मूळ संख्या तिला भागते. मग २ च्या ३१ व्या घाताला प ने भागल्यास बाकी १ उरते, आणि ३१ मूळ असल्यामुळे त्याहून लहान कोणत्याही घाताची बाकी १ येत नाही. फर्माच्या प्रमेयानुसार २ च्या (प − १) व्या घाताची बाकीही १ च असते, म्हणून प − १ ला ३१ ने निःशेष भाग गेलाच पाहिजे, आणि प विषम असल्याने ६२ नेही. शिवाय ३२ व्या घाताची बाकी २ येते, आणि तो घात तर १६ व्या घाताचा वर्ग आहे. वर्गाची बाकी २ येणे हे ज्या विषम मूळ संख्यांना ८ ने भागल्यास १ किंवा ७ उरतात त्यांच्याच बाबतीत घडते. दोन्ही अटी एकत्र केल्या की प ला २४८ ने भागल्यास बाकी १ किंवा ६३ च येऊ शकते. अशा संख्या ४६३४१ च्या आत केवळ ३७३ आहेत, आणि त्यांतल्याही ६३ सारख्या संयुक्त संख्या गाळता येतात. मला या युक्तिवादाइतके देखणे गणित फार थोडे भेटले आहे.

त्यानंतर अनेक दशके याहून मोठी मूळ संख्या कोणाला ठाऊक नव्हती. २ च्या ३० व्या घाताने तिला गुणले की परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःला सोडून उरलेल्या आपल्या सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी संख्या, मिळते, हे युक्लिडच्या नियमावरून तुला ताडून पाहता येईल.

आता २ च्या २३ व्या घातातून १ वजा कर, म्हणजे ८३८८६०७. २३ ची दुप्पट ४६, त्यात १ मिळवून ४७. ८३८८६०७ ला ४७ ने भागण्याचा भागाकार हातानेच कर आणि काय येते ते पुढच्या पत्रात कळव.

तुझे बाबा