घेवड्याच्या खुरपणीबद्दल विन्याला पत्र

शिवाजीनगर, पुणे
१२ जुलै

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार. घेवड्याची उगवण चांगली झाली, हे वाचून बरं वाटलं. पण 'महिनाभर थांबतो, गवत सगळं वर आलं की एकदाच खुरपायला बायका लावतो' हे काही पटलं नाही. त्यात मजुरी वाचेल आणि पीक जाईल.

घेवडा बुटका, त्यात घाईचा. तीन पात्यांचं दुसरं पान फुटल्यापासून पहिली फुलं दिसेपर्यंत, म्हणजे पेरणीपासून साधारण १५व्या दिवसापासून ३५-४०व्या दिवसापर्यंत, रान स्वच्छ हवं. त्याआधीचं तण लहान असतं, वेळेत निघालं तर फार खात नाही. नंतर उगवणारं पिकाच्या सावलीत खुरटतं. मधल्या दिवसांत तणानं जे खाल्लं, ते मागाहून कितीही खुरपलंस तरी भरून येत नाही. शिवाय घेवड्याच्या मुळांवर इतर कडधान्यांसारख्या हवेतलं नत्र धरणाऱ्या भरपूर गाठी येत नाहीत, नत्र आपल्यालाच घालावं लागतं. म्हणजे तुझ्या युरियाच्या पंगतीला माठ आणि केना ही तणं आधी बसणार!

एकच खुरपणी परवडत असेल तर ती विसाव्या दिवसाच्या आसपास उरकून घे. दोन जमल्या तर पंधराव्याला कोळपं (ओळींमधलं तण काढायचं अवजार) घालून ओळीतलं खुरपून घे, दुसरी तिसाव्याच्या सुमारास. फुलं लागल्यावर मात्र कोळपं नको. मुळं वरच्या वर असतात, तुटली की फूल गळतं. आणि पानं ओली असताना बायकांना रानात उतरवू नकोस, करपा रोग हातापायांनी पसरतो.

पेंडीमिथॅलीन या तणनाशकाची वेळ गेली. ते पेरल्यावर दोन दिवसांत, उगवणीआधी, ओलीवर मारायचं असतं. लव्हाळा-हरळी तर त्याला दादच देत नाहीत. दुकानदार सोयाबीनचं तणनाशक गळ्यात मारेल. लेबलवर घेवड्याचं नाव नसेल तर घेऊ नकोस.

बांधावरचं गाजर गवत फुलायच्या आत उपट, हातमोजे घालून. देशात त्याचा बोभाटा पहिल्यांदा झाला तो १९५०च्या दशकात आपल्या पुण्यातच. पुणेकरांनी याचाही अभिमान बाळगावा की काय, कोण जाणे!

पेरणीची तारीख कळव. विसावा दिवस रविवारच्या आसपास येत असेल तर सासवडची एसटी धरतो. येण्याआधी मार्केट यार्डात घेवड्याचा भाव विचारून ठेवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधा