दार बंद ठेवतोय, नंदू

प्रिय नंदू,

फोनवर सांगता आलं असतं, पण तू मध्येच तोडतोस आणि मूळ मुद्दा राहून जातो. म्हणून लिहितोय. माझी तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे. आईही ठीक.

आपल्या निवाऱ्यातल्या सोन्या कुत्र्याला इन्फ्लुएंझा, म्हणजे कुत्र्यांचा फ्लू झालाय. सगळे म्हणत होते केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा नेहमीचा साथीचा खोकला असणार. मी तरी नाकाचा स्वाब पाठवायला लावला आणि आज रिपोर्ट आला: एच३एन२, फ्लूच्या विषाणूचा एक प्रकार. रात्री ढास लागली की पुढचे पाय फाकवून मान लांब करतो, खोकून खोकून शेवटी पांढरा फेस काढतो, आणि मग माझ्याकडे बघून शेपूट हलवतो. तू असतास तर रडला असतास.

तो यातून उठेल, असं डॉक्टर म्हणतात. बहुतेक कुत्री उठतात. झोप उडालीय ती बाकीच्यांमुळे. लागण झाली की २ ते ४ दिवसांत लक्षणं दिसतात, पण विषाणू त्याआधीच बाहेर पडायला लागलेला असतो. पाचातल्या एकाला तर काहीच होत नाही. तो हुंदडत राहतो आणि वाटत सुटतो. शिवाय हा एच३एन२ मोठा चिवट आहे. बरं झालेलं कुत्रंही २४ दिवसांपर्यंत तो सोडत राहू शकतं. म्हणजे शेवटचं कुत्रं आजारी पडल्यापासून किमान चार आठवडे नवं कुणी आत घ्यायचं नाही.

आता तुला कळलं मी तुलाच का लिहितोय ते. ‘दारातून कुणाला परत पाठवायचं नाही’ हा नियम आपण दोघांनी केला. त्यावरून तू माझ्याशी महिनाभर बोलला नव्हतास, आठवतंय ना? तीन पायांच्या बुटकीच्या वेळी. जागा नव्हती तरी तू तिला ऑफिसच्या टेबलाखाली ठेवलंस आणि ती तुझ्या फायली खात मोठी झाली.

पण हा रोग आला कुठून ते बघ. २००४ साली फ्लोरिडात शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत खोकल्याची साथ आली. २२ कुत्री आजारी पडली, त्यांतली ८ मेली. तपासलं तर निघाला घोड्यांचा एच३एन८, जो घोड्यांत १९६३पासून फिरत होता. (घोड्यापासून लांब राहा असं मी कॉलेजपासून सांगतोय, असं तू म्हणशीलच. तुला चावला होता तो घोडा बिचारा म्हातारा होता रे.) घोड्यातून कुत्र्यात उडी एखाद्या वेळी पडतेच. खरा प्रश्न त्यापुढचा. घराघरांतल्या कुत्र्यांमध्ये त्या एच३एन८ची साखळी लवकर तुटायची. तो तग धरून राहिला मोठ्या शहरांतल्या निवाऱ्यांत, जिथे रोज नवी, कधीच लागण न झालेली कुत्री येत राहतात. नंदू, म्हणजे आपल्यासारख्या जागांत. आपण उघडं ठेवलेलं दार हेच त्याचं अन्नपाणी. आणि आता तो कित्येक वर्षांत कुत्र्यांमध्ये सापडलेला नाही. साखळी तुटू शकते, मला एवढंच धरून बसायचंय.

सोन्याला झालेला एच३एन२ मात्र पक्ष्यांकडून आला, पूर्व आशियात. २०१५ साली शिकागोत पोचला आणि हजाराहून जास्त कुत्र्यांना झाला. अमेरिकेत तो एकदाच शिरला असंही नाही, पुन्हा पुन्हा शिरला, आणि बहुधा वाचवून विमानाने आणलेल्या कुत्र्यांबरोबर. चांगल्या माणसांच्या हातून. हे वाचल्यापासून मला काही सुचत नाहीये.

एक गोष्ट मात्र विलक्षण आहे. विषाणू ज्या प्रथिनाने पेशीला धरतो, त्या हिमॅग्लुटिनिनमध्ये २२२ क्रमांकाच्या जागी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल जाऊन ल्यूसिन हे दुसरं आलंय. घोड्याकडून आलेल्यातही आणि पक्ष्याकडून आलेल्यातही! दोघांचे रस्ते वेगळे, पण कुत्र्याच्या श्वासनलिकेत रुळताना दोघांतही तोच बदल. २०२३ साली चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं की अलीकडच्या एच३एन२ला माणसाच्या पेशींवरचा सायलिक आम्लाचा प्रकारही (विषाणू पेशीला जिथे चिकटतो ती साखर) ओळखता येऊ लागलाय. माणसाला त्याची लागण झाल्याची नोंद अजून नाही. पण आपल्याकडे मुलं येतात, कुत्र्यांना कुशीत घेऊन बसतात. उलटी वाटही आहेच: २००९च्या साथीतल्या मानवी एच१एन१चं आणि कुत्र्यांच्या एच३एन२चं मिश्रण कोरियात कुत्र्यांमध्ये सापडलंय. विषाणूचे जनुकांचे तुकडे आठ. दोन विषाणू एका पेशीत शिरले की तुकड्यांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. म्हणून सर्दी झालेल्या कुणालाही मी आत सोडत नाहीये, आणि मुलांना तर सध्या अजिबातच नाही.

सोन्याची खोली वेगळी केलीय. त्याचा झाडू, भांडी, माझा सदरा, सगळं वेगळं. कपड्यांवर हा विषाणू दिवसभर टिकतो, फरशीवर दोन दिवस. साबणाने मात्र मरतो. हात धुऊन धुऊन सालटं निघालीत.

आज दुपारी एक मुलगी खोक्यात पिल्लं घेऊन आली. मी फाटक उघडलं नाही. बाहेर उभं राहून बोललो, तिच्याच घरी ठेवायला सांगितलं, दूध कसं पाजायचं ते समजावलं. ती गेल्यावर बराच वेळ हात थरथरत होते.

तुझी बदली झाली का? चिनूच्या परीक्षेचं काय झालं? वहिनींना नमस्कार सांग.

आणि ऐक, हे वाचून गाडी काढू नकोस. ‘चांगली असतील ती दोन माझ्याकडे दे’ म्हणशील, मला माहीत आहे. चांगली कोणती तेच तर आज कळत नाही. इथून एकही कुत्रं हलणार नाही. तू तुझ्या कुत्रीला, राणीला, या फ्लूची लस मिळते का बघ. दोन डोस असतात, मध्ये २ ते ४ आठवडे जावे लागतात. लागण पूर्ण टळतेच असं नाही, पण आजार सौम्य होतो. आणि पिल्लं आणणाऱ्यांना तू फोन कर. ती तुझं ऐकतात, माझ्यावर चिडतात. यादी सोबत जोडतोय, वरच्या चौघांना आजच कर.

तुझा,
बाळू