शाळेची इमारत नको, कागद पाहा

घोडबंदर रोडवर पुढच्या वर्षाच्या प्रवेशाची होर्डिंग्ज झळकू लागली की पालकांची धावपळ सुरू होते. स्विमिंग पूल, एसी वर्ग पाहून आपण भारावून जातो. नावात 'इंटरनॅशनल' असले तरी शाळा आयबी किंवा केंब्रिज या आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळांचीच असते असे नाही. संलग्नता क्रमांक मागून मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळावा.

फीचे तर विचारूच नका. राज्याच्या २०११च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार खासगी शाळेच्या फीवाढीला पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मंजुरी लागते. एका शाळेत मी समितीतील पालक कोण, असे विचारले, तर प्रवेशाच्या टेबलावरील बाईंनी गणवेशाचे दरपत्रक पुढे सरकवले! असे उत्तर मिळाले की पालकांनी सरळ उठावे.

अंतराकडेही दुर्लक्ष नको. आमच्या शेजारची पाच वर्षांची मुलगी सकाळी वाघबीळ नाक्यावर आईच्या खांद्यावर झोपलेली असते, बसची वाट बघत. एवढ्या लहान जिवाला कशासाठी ही शिक्षा?

शिक्षण विभागाने प्रत्येक शाळेची मंजूर फी प्रवेश सुरू होण्यापूर्वी जाहीर करावी, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, कासारवडवली, ठाणे