विंगेतल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण तुमचं नाव चारचौघांत कुणी घेत नाही. आपल्या गोव्यातल्या जत्रेच्या नाटकाच्या हस्तपत्रिकेवर दिग्दर्शक असतो, पेटीवाला, तबलजी, रंगभूषाकार असतो. पहाटेपर्यंत विंगेत बसून नटांना वाक्यं पुरवत अख्खं नाटक सांभाळणारा प्रॉम्प्टर अगदी तळाला, तोही जागा उरली तर. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची पहिली फेरी पार करून मला दिल्लीच्या कार्यशाळेचं बोलावणं आलं, तेव्हा घरी आलेल्या प्रत्येकाने विचारलं, "क्लास कुठे लावला होतास?" क्लास आपल्या देवळाच्या सभामंडपात होता आणि शिकवणारे तुम्ही होता.

त्या पहिल्या फेरीत पाठ केलेले उतारे म्हणून दाखवायचे असतात, गाणं म्हणायचं असतं आणि परीक्षक ऐनवेळी सांगतील ते करायचं असतं. उतारे निवडायला बसले तेव्हा माझ्या मनात ऐतिहासिक नाटकातल्या राजमातेचं पल्लेदार स्वगत होतं. तुम्ही ते पूर्ण ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "हिचं वय किती? तुझं किती?" मग माझ्याच वयाच्या, घर सोडून निघालेल्या मुलीचा उतारा काढून दिलात. आणि बजावलंत की आधी पूर्ण नाटक वाचायचं, उतारा मागाहून.

पुढचे कितीतरी दिवस तुम्ही मला उताऱ्याचं पहिलं वाक्य म्हणूच दिलं नाहीत. त्याच्या आधी समोरचं पात्र काय म्हणतं, ते तुम्ही सपाट आवाजात वाचायचात, प्रॉम्प्टर वाचतो तसं. ते नीट ऐकून मगच मी तोंड उघडायचं. नुसता क्यू, म्हणजे बोलायची खूण, पकडून बोलले की तुम्ही टाळी वाजवून थांबवायचात. "कोणाक सांगता गो तूं?" हा तुमचा प्रश्न अजून कानात आहे. परीक्षकांसमोर समोरचं पात्र नसतं, विंगेत तुम्हीही नसता. तिथे मला तुमच्या त्या सपाट आवाजातलं वाक्य स्वच्छ ऐकू आलं आणि मी त्याला उत्तर दिलं. मला वाटतं, त्या खोलीत मी केलेलं खरं काम एवढंच. बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

आवाजाचंही सांगायला हवं. आपल्याकडे जत्रेच्या रंगमंचावर माइक टांगलेले असतात आणि नट बोलता बोलता माइकखाली सरकतो. पालखीनंतर मध्यरात्री सुरू झालेलं नाटक, बाहेर फुलांची नि खाज्यांची दुकानं, माणसांची वर्दळ. त्यात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचं तर दुसरा उपाय नसतो, म्हणून त्या पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. पण तुम्ही मला मंडपाच्या एका खांबाशी उभं केलंत आणि स्वतः देवळासमोरच्या दीपस्तंभापाशी जाऊन बसलात. ओरडायचं नाही, वाक्य तोडायचं नाही, श्वास अर्थाच्या जागी घ्यायचा. कोणत्या नटाचा श्वास कुठे संपतो हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? आयुष्यभर तुम्ही तेच ऐकत आलात.

हिंदीची गोष्ट तर मी सगळ्यांना सांगते. "हिंदीतलं माका कळना," असं सरळ म्हणून तुम्ही मला वाळपईला हिंदीच्या निवृत्त शिक्षिकेकडे पाठवलंत. आपला 'चांदणं'मधला च हिंदीतल्या 'चाँद'मध्ये चालत नाही, 'ज्ञान' तिथे 'ग्यान' होतं, वाक्याच्या शेवटी येणारा आपला हेल तिथे लगेच कानाला जाणवतो, हे त्या बाईंनी घोटून घेतलं. ज्याला शिकवता येतं, त्याने इतक्या सहजपणे दुसऱ्याकडे बोट दाखवावं, हे मला फार मोठं वाटतं.

गाण्यासाठी मी नाट्यपद बसवत होते. तुम्ही म्हणालात, पद चांगलंच आहे, पण मांडाच्या अंगणात बायकांच्या धालो नाचात आजीबरोबर म्हणतेस ते गाताना तुझे खांदे सैल असतात. मी धालोचंच गाणं म्हटलं. परीक्षकांनी ते पुन्हा म्हणायला लावलं, या वेळी चालत चालत, आणि मला काही वेगळं करावं लागलं नाही. धालोत आपण उभं राहून गातो कुठे?

कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत आपलं मंडळ उतरायचं तेव्हाच्या हस्तपत्रिका आणि फोटो तुम्ही पेटीत जपून ठेवले होते, म्हणून अर्जासोबत अनुभवाचे पुरावे देता आले. माझ्याकडे त्यातलं काहीच नव्हतं.

पैसे घेतले नाहीत, म्हणून आईने पाठवलेले नारळ आणि पोहेसुद्धा तुम्ही अर्धे परत केलेत. या वेळी करू नका.

कार्यशाळेत काय होईल ते होवो. मात्र एक विचारायचं आहे. आपल्या सत्तरी तालुक्यातली दोन मुलं पुढच्या प्रवेशासाठी तयारी करू पाहताहेत. एक ठाणे गावचा, एक केरीची. त्यांना तुमच्याकडे पाठवू का? तुम्ही नाही म्हणणार नाही हे ठाऊक आहे, म्हणूनच आधी विचारते. तुमच्या गुडघ्यांना झेपेल तेवढंच करा, आणि त्यांना सांगा की खुर्ची त्यांनी घरून आणायची.

काकूंना नमस्कार.

तुमची,
धाकटी नटी