फळवालीची साक्ष कुठे गेली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लंडनच्या कोव्हेंट गार्डनमधल्या जुन्या खुनावरचा तुमचा रविवारचा लेख वाचून संताप आला. पाऊण पान खुनी जेम्स हॅकमनच्या विरहाला! मार्था रे हिला नाट्यगृहाच्या दारात गोळी घालणाऱ्याचाच वाचकांना कळवळा यावा, अशी सगळी मांडणी. आणि जिने तो खून डोळ्यांनी पाहिला, त्या मेरी अँडरसनला 'एक फळवाली' म्हणून अर्ध्या ओळीत उरकलंत. नावसुद्धा नाही.

१६ एप्रिल १७७९ रोजी ओल्ड बेली कोर्टात तिने काय सांगितलं ते छापील कामकाजात आहे. काळ्या कपड्यांतला माणूस पुढे आला, बाईचा झगा धरला, खिशातून दोन पिस्तुलं काढली. उजव्या हातातलं तिच्यावर झाडलं, दुसरं स्वतःवर. मग तिच्या पायाशी पडून पिस्तुलांनी आपलंच डोकं बडवत 'मला मारून टाका' म्हणू लागला. कुठला हात, तेही मेरीने सोडलं नाही. मार्थाला बग्गीकडे घेऊन जाणारे मॅक्नामारा वकील होते, अगदी जवळ होते. पण त्यांना वाटलं, कुणीतरी मस्तीत बार काढला. हाताला रक्त लागलं तेव्हा प्रकार ध्यानात आला.

मरायचं फक्त मलाच होतं, क्षणभर वेड लागलं, हा हॅकमनचा बचाव. न्यायमूर्ती ब्लॅकस्टोन यांच्यापुढे तो टिकला नाही. तीन दिवसांत टायबर्न या फाशीच्या जागी त्याला फाशी झाली. तुमच्या लेखकाने मात्र तो बचाव जसाच्या तसा उचलला.

मला हे इतकं का झोंबलं, ते सांगते. माझी आई बसस्टँडबाहेर केळी विकायची. तिच्या पाटीसमोर एकाला भोसकलं. आई कोर्टात उभी राहिली. आरोपीचे वकील म्हणाले, "तुझं ध्यान गिऱ्हाइकाकडं होतं, तुला काय दिसणार?" आई म्हणाली, "त्योच गिऱ्हाईक हुता, सायेब. सुटं पैसं द्यायचं राहिलं हुतं, म्हनून त्येच्या हाताकडंच बघत हुते." साऱ्या कोर्टात शांतता. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन्ही बाजूंच्या वकिलांची नावं आली, आरोपीच्या घरच्यांचं रडणं आलं. आईबद्दल 'एका फेरीवालीची साक्ष झाली' एवढंच. तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि पेपर रद्दीत टाकला. साक्ष दिली म्हणून कितीतरी दिवस तिला तिथे पाटी लावू दिली नव्हती, ते तर कुठेच छापून आलं नाही.

पुरवणीत काळ्या पट्टीवर पिवळी बारीक अक्षरं छापणंही थांबवा. माझ्या वयाच्या माणसांना ती दिसत नाहीत, आणि मजकुरातल्या तारखा नेमक्या तिथेच असतात.

पुढच्या रविवारी मेरी अँडरसनची साक्ष तिच्या नावासह, पूर्ण छापावी. फार मोठी नाही, एका चौकटीत बसेल.

आपली,
एक वाचक, मिरज